नानांना बिडी आवडत नव्हती

आज नानांची दशक्रिया होती. मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर. पिंड मांडून तासभर झाला तरी कावळा शिवेना. पाच-सहा कावळे समोरच्या निंबावर बसलेले, पण खाली एकही उतरेना. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला होता. नातीचं शिक्षण पूर्ण करू म्हणून हात जोडून झाले, शेताचे तुकडे पाडणार नाही म्हणून शब्द देऊन झाला. मग मागून कोणीतरी बोललं, "अरे, बिडी ठेवा ना. नानाले बिडी आवडे."

आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "तू ठेव भो. तुना हातनी बिडी त्यास्ले गोड लागे."

मी ठेवली नाही. दोन पावलं मागे सरकलो. मग नानांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, खिशातून स्वतःचा बंडल काढला, एक बिडी पेटवली आणि पिंडाशेजारी ठेवली. थोड्या वेळाने कावळा आला, भाकरीचा तुकडा उचलून गेला. बिडीकडे त्याने पाहिलंही नाही. तरी सगळे एकमेकांना सांगत होते, "बिडीनंच आला."

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळपासून डोक्यात तेच चाललंय. ज्या वस्तूने माणसाचा पाय नेला, शेवटी श्वास नेला, तीच त्याच्या पिंडाला? का, तर आवडायची.

आवडायची नाही हो. मी सांगतो ना. नानांना शेवग्याच्या शेंगांची आमटी आवडायची. महिनाभर मिळाली नाही तरी त्यांनी कधी कोणावर ताट फेकलं नाही. बिडी नसली की ते ताट फेकायचे. ज्या गोष्टीवाचून हात थरथरतात, पोटच्या पोरावर हात उठतो, रात्री दोन वाजता शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं, तिला आवड म्हणायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९८ साली नाना चाळीस वर्षांचे होते. उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. आम्हाला वाटलं बाभळीचा काटा मोडला असेल. बिब्बा लावला, कोणी कडूनिंबाचा पाला बांधला. रात्री दुखणं एवढं वाढायचं की नाना पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसून झोपायचे. मग धुळ्याला नेलं. साखर तपासली, नॉर्मल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बिडी किती ओढता?" नाना म्हणाले, "दीड-दोन बंडल."

आजाराचं नाव बर्जर्स डिसीज. लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत रक्ताच्या गुठळ्या होतात, बोटांना रक्त पोहोचत नाही, बोट मरतं. बहुतेक पन्नाशीच्या आतले, तंबाखूवाले पुरुष. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, औषधं मी देतो, पण तंबाखू पूर्ण बंद झाली नाही तर माझा काही इलाज चालणार नाही. दिवसाला एक-दोन बिड्याही हा आजार चालू ठेवायला पुरतात. दोन बोटं काढली.

आणि त्याच रात्री मी त्यांना बिडी आणून दिली.

मी १९ वर्षांचा होतो. रात्री त्यांच्याजवळ झोपायला मीच होतो. नाना रडत होते. माझ्या वडिलांपेक्षाही करारी माणूस, त्यांना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "एकच दे रे भाऊ. परत नही मांगस." मी खाली जाऊन टपरीवरून आणली. त्यांना धरून मागच्या गॅलरीत नेलं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने मला धरलेलं, म्हणून पेटवायची मलाच होती. तोंडात धरून ओढल्याशिवाय बिडी पेटत नाही. माझ्या आयुष्यातला पहिला झुरका तो. पुढची १९ वर्षं मी सिगारेट ओढली. त्या रात्रीचं हे मी घरच्यांनाही आज पहिल्यांदा सांगतोय.

त्या एका बिडीने त्यांचा पाय गेला असं मी म्हणत नाही. मी दिली नसती तर दुसऱ्या कोणी दिली असती, हेही खरं. पण २००१ मध्ये त्यांचा पाय गुडघ्याखालून काढला तेव्हा सही करताना माझ्या हाताला त्या बिडीचाच वास येत होता.

आता आवडीचं सांगतो. माझं मेडिकलचं दुकान आहे, एवढं मला शिकावंच लागलं. धूर आत घेतला की साधारण दहा-पंधरा सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं आणि बरं वाटवणारं डोपामाइन सुटतं. रोज असं झालं की मेंदू निकोटिन धरणाऱ्या जागा वाढवून बसतो. तास-दोन तासांत रक्तातलं निकोटिन उतरतं, त्या जागा रिकाम्या होतात, आणि माणूस कासावीस होतो. पुढची बिडी ही कासाविशी घालवते. बस, एवढंच करते. बिडीनेच लावलेली आग बिडी विझवते आणि आपण म्हणतो, मजा आली. नाना चाळीस वर्षं आग विझवत होते. त्याला तुम्ही शौक म्हणालात.

आणि ते "बिडी पानाची असते, नैसर्गिक असते, सिगारेटपेक्षा बरी" हे पुन्हा कोणी माझ्या दुकानात बोलू नका. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, विझायला बघतं, म्हणून जोरात आणि लवकर लवकर झुरके घ्यावे लागतात. फिल्टर नाही. डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली किमान सत्तर कॅन्सर करणारी. नानांना कॅन्सर झाला नाही. त्यांची फुप्फुसं फाटक्या पोत्यासारखी झाली. शेवटची तीन वर्षं एका पायाचा माणूस ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेला, अंगणातल्या तुळशीपर्यंत जायला धाप लागायची.

हो, तुमचे आजोबा नव्वद वर्षं बिडी ओढून जगले. असतील. जे सोडत नाहीत त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंत लोकांना तंबाखूच मारते, तुमचे आजोबा उरलेल्यांतले. सातपुड्यातल्या आदिवासी घरांना टेंभुर्णीच्या पानांचे चार पैसे मिळतात, बिड्या वळणाऱ्या बायांची चूल त्यावर पेटते, हेही मला कळतं. त्यांना दुसरं काम मिळायला हवं. पण ते मिळेपर्यंत आपल्या बापांनी फुप्फुसं जाळत बसायचं का?

माझा राग नानांवर नाही. आपल्यावर आहे. मला सांगा, गावात बिडीचा बंडल आणायला कधी मोठा माणूस जातो का? "जा रे, पळत जा, बंडल आण." आठ वर्षांचा असल्यापासून मी आणायचो. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकायची नाही, शाळेच्या शंभर यार्डांत विकायची नाही, हा कायदा २००३ चा आहे. सार्वजनिक जागी ओढायची नाही, हेही त्याच कायद्यात, २००८ पासून नियम आणखी कडक. महाराष्ट्रात सुटी बिडी-सिगारेट विकायला २०२० पासून बंदी. ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र छापतात ते पाकिटावर, आणि आपण घेतो सुटी. चित्र टपरीवाल्याने पाहावं. दुकानात खोकल्याचं औषध घेऊन पायरी उतरता उतरता पेटवणारे मी रोज बघतो. त्यांना मी आता ओरडत नाही. पूर्वी ओरडायचो. ओरडा खाऊन कोणाची सुटली असं मी अजून पाहिलं नाही.

नानांनी पाच वेळा सोडली होती. लोकांना हे माहीतच नाही. गावात तर तो हसण्याचा विषय झाला होता, "नानांनी पुन्हा बिडी सोडली म्हणे." पाचही वेळा कधी तिसऱ्या, कधी चौथ्या दिवशी परत सुरू. मी तेव्हा म्हणायचो, मनच पक्कं नाही. किती मूर्ख होतो मी. निकोटिन बंद केल्यावर त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळसाला जातो. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड, बेचैनी. मग हळूहळू उतरतो, दोन-चार आठवड्यांत बराच जातो. नाना पाचही वेळा बरोबर कळसाला पोहोचून पडले, आणि तिथे त्यांना धरायला आम्ही कोणीच नव्हतो. उलट काकूच म्हणायच्या, "ओढा बाई एकदाची, पण घरात शांतता राहू द्या." काकूंना मी दोष देत नाही. ताट त्यांच्याच अंगावर यायचं. कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं की अजून दोन दिवस फक्त, मग उतार आहे.

त्या रात्री गॅलरीत मला हे कोणी सांगितलं असतं तर? हीच ओढ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ नानांशी बोल, पाणी पाज, कपाशीचा भाव विचार, एवढं जरी सांगितलं असतं. मी दहा मिनिटं थांबलो नाही. दहा मिनिटं.

माझी सुटली २०१७ मध्ये, तीही एकट्याची नाही. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तारीख ठरवून दिली आणि निकोटिनचा गम दिला. मी दहा वर्षं तो गम विकत होतो, पण कसा खायचा हे मला तेव्हा कळलं. च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नाही. हळूहळू चावायचा, जिभेला चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचा. चुणचुण गेली की परत चावायचा. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. लोक कचाकचा चावतात, उचकी लागते, पोटात मळमळतं, मग येऊन म्हणतात, भाऊ, तुमचा गम बेकार. गमने नाही भागलं तर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, माझ्याकडे तशा मागायला येऊ नका. हृदयाचा त्रास असेल, बाई गरोदर असेल, तर गमही विचारूनच. नानांना तर डॉक्टरांनी गमसुद्धा नको म्हटलं होतं, त्या आजारात कोणत्याच रूपात निकोटिन चालत नाही. म्हणजे नानांचं सगळ्यात अवघड होतं. आणि सगळ्यात कमी मदत त्यांनाच मिळाली.

माझा तिसरा दिवस आठवतो. दुकानात गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे फेकून मारले. त्या दिवशी बायकोने दुकान सांभाळलं आणि मला आग्रा रोडवर चालायला पाठवलं, दर तासाला फोन करत होती. कशामुळे सुटली विचाराल तर त्या फोनमुळे.

पैसे नसतील, डॉक्टरकडे जायची लाज वाटत असेल तर सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. पाकिटावरच छापलेला असतो. माणसं बोलतात, पुन्हा फोन करून चौकशीही करतात. आणि "आता सोडून काय उपयोग" हे नका म्हणू. सोडल्यावर दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास जातो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. चाळिशीच्या आत सोडली तर तंबाखूने अकाली मरण्याचा धोका जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी होतो. साठीला सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षं परत मिळतात. तीन वर्षांत नातीचं बारावी झालं असतं नानांसमोर.

शेतात रात्रीची लाईट असते, थंडीत बारे द्यायचे, म्हणजे पिकाला पाणी, अंधार, साप, झोप, तिथे बिडी हाच सोबती, असं म्हणणाऱ्यांना मी पूर्वी उत्तर देऊ शकायचो. आता तेवढ्या जोरात देत नाही. नानांची सुरुवात तशीच झाली होती. मजुराला पाच मिनिटं टेकायची परवानगीसुद्धा बिडीच्या नावावरच मिळते आपल्याकडे. बिडी न ओढणाऱ्या माणसाला बांधावर नुसतं बसलेलं कोणी बघून घेत नाही.

भाऊ, तू ही पोस्ट वाचशील. आज पिंडाशेजारी बिडी ठेवलीस म्हणून मी तुझ्याशी बोललो नाही, गंधमुक्तीच्या पंगतीतही तोंड फिरवून बसलो. चुकलं माझं. बंडल तू परत खिशात ठेवलास तेव्हा तुझा हात मी पाहिला. नानांसारखाच थरथरत होता. तू ४२ चा आहेस. आणि परवा तू म्हणालास, पायाला मुंग्या येतात. उद्या सकाळी दुकानावर ये, आधी आपण डॉक्टरांकडे जाऊ, गम बिम नंतर. तारीख तू ठरव. तिसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गावाला येतो, चौथ्या दिवशीपण राहतो. काकूंना सांगून ठेव, ताट माझ्या अंगावर आलं तरी चालेल. लाईट रात्रीची असली तर बारे मी देईन.