पिवळा गहू म्हणजे युरियाच हवा, असं नाही

‘गहू पिवळा दिसला की युरिया फेका’ हा संदेश सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. आधी पिवळं पान कोणतं ते बघा. खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) कमी. तिथे युरिया बरोबर. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोह. अख्खं कोवळं पान फिकट, तर बहुधा गंधक. शेतात पाणी साचलं असेल तर मुळांना हवाच मिळत नाही, आधी चर काढा.

नत्राचा दुसरा हप्ता पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या तळाशी जमिनीलगत येणारी मुळं) फुटताना, पाण्याची पाळी धरून द्यावा. ओलसर चुनखडीच्या जमिनीवर नुसता पसरलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. जास्त झाला तर गहू लोळतो, ते वेगळंच.