येऊर एका ओळीत उरकलंत!

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण उद्यानाची ठाण्याकडची बाजू, म्हणजे आम्हा ठाणेकरांचं येऊर, तुम्ही एका ओळीत उरकलंत. राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवलीच, हा गैरसमज तसा जुनाच म्हणा! आणि लेण्यांत मूर्तींइतकीच बघण्यासारखी आहेत ती पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कातळात छिन्नीनं कोरलेले पन्हळ नीट पाहा, पावसाचं पाणी उतारानं थेट टाक्यात. गेल्या मार्चमध्ये लेकीनं एका टाक्यात डोकावून विचारलं, “बाबा, अजून पाणी कसं?” आमच्या सोसायटीत तेव्हा टँकर सुरू होते. उद्यानातला, मुंबईला पाणी देणारा तुळशी तलाव १८७९चा, ही टाकी त्याच्या कितीतरी शतकं आधीची. बाकी इथल्या कारवीच्या झुडपांवर एकदा लिहा. कारवी ७-८ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा येऊरच्या बाजूनं या.