थर्मोस्टॅट काढून फेकण्यापूर्वी

होळी झाली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: गाडी तापते तेव्हा दोष बहुधा थर्मोस्टॅटचाच असतो, थर्मोस्टॅट हा थंड प्रदेशांतल्या गाड्यांसाठी असतो, मुंबईत थंडीच नसल्याने तो काढून टाकावा, कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बर्फाळ देशांसाठीच, आपल्याला नळाचे पाणी पुरते, तापमानाच्या काट्याने मध्य ओलांडला नाही तोवर काळजी नको, पंखा फिरताना दिसला म्हणजे पंखा ठीक आहे, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ गादी) गेले, आणि वाटेत गाडी तापलीच तर लगेच रेडिएटरचे झाकण उघडून गार पाणी ओतावे. शेवटी गॅरेजवाल्यांच्या लुटीपासून वाचण्याचे आवाहन असते. यांतल्या काही विधानांत अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो संदेश इतक्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्यातला एक सल्ला मात्र माणसाला भाजून काढणारा आहे.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करू. थर्मोस्टॅट बाहेरच्या हवेसाठी नसतो, तो इंजिनसाठी असतो. त्याच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगते, झडप ढकलते आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी होते. पुष्कळ गाड्यांत हे तापमान ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मुंबईत जानेवारीतली पहाट १६ अंशांची असो की मे महिन्यातली दुपार ३५ अंशांची, इंजिनला नव्वदीच्या घरात पोहोचायचेच असते आणि त्या मानाने आपली ऋतूंमधली तफावत किरकोळ आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन तापायला फार वेळ घेते, इंजिनचा संगणक तोवर थंड इंजिनाच्या हिशेबाने जास्त इंधन सोडत राहतो, आणि दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरू लागते. त्याहून गमतीचा भाग असा की अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ही वाट कायमची उघडी राहते, कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. (थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जाते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असा युक्तिवाद थर्मोस्टॅटची बाजू घेणारे करतात. तोही चुकीचा आहे. प्रवाह वाढल्याने रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता घटत नाही. बाजू बरोबर असली तरी कारणही बरोबर द्यावे.)

थर्मोस्टॅट बिघडलेला आहे की नाही, हे घरच्या पातेल्यात तपासता येते. पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस मंद ठेवावा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागली आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली, तर तो निर्दोष आहे. तो न काढताही अंदाज येतो. ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनच्या वरच्या तोंडाशी असतो त्यांत थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू तापत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. काटा चढून लाल पट्ट्यात गेला तरी होज गारच असेल तर तो बंद अडकला आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तेव्हा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपल्या गाडीत तो कुठे आहे हे पाहून घ्यावे.

आता दोष बहुधा थर्मोस्टॅटचाच असतो, या विधानाकडे वळतो. मला या संदेशातले हेच वाक्य सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात गाडी केव्हा तापते हा प्रश्नच विचारलेला नाही. सायनच्या वाहतूककोंडीत तापणारी आणि वाशीचा पूल ओलांडून वेग घेताच शांत होणारी गाडी हवेचा तुटवडा सांगते, म्हणजे पंखा किंवा रेडिएटरसमोरचा अडथळा. कोंडीत ठीक राहून कसारा किंवा खंडाळ्याच्या चढावर तापणारी गाडी कूलंटचा किंवा रेडिएटरचा तुटवडा सांगते: आतून चोंदलेला रेडिएटर, कूलंट फिरवणारा पण पाती झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांतच काटा वर धावत असेल तर बंद अडकलेला थर्मोस्टॅट, कूलंट बदलताना राहिलेली हवा, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरणारा सिलिंडरचा वायू यांचा संशय घ्यावा. आणि दर आठवड्याला कूलंट भरावे लागत असेल तर आधी गळती शोधायची, बाकी सारे नंतर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी नाशिकला जाताना माझी गाडी कसाऱ्याच्या चढावर तापली. परतल्यावर उपनगरातल्या एका गॅरेजने वॉटर पंप बदलला. गाडी पुन्हा तापली. मग रेडिएटर काढून साफ केला, तरी तापली. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी पूर्ण थंड होईपर्यंत चहा मागवला आणि मग वरच्या होजकडे बोट दाखवले. होज आत ओढला जाऊन चपटा झाला होता. तो चपटा होज मी स्वतः दोनदा पाहिला होता आणि रबर जुने झाले असेल म्हणून सोडून दिले होते. दोष होता काही शे रुपयांच्या झाकणात.

रेडिएटरचे झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे, हे ज्यांच्या घरी प्रेशर कुकर आहे त्यांना सांगावे लागू नये. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब किती चढू द्यायचा ते सांगतो. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार (म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब) चढला की साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की हा दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि रिझर्व्ह टाकीत उतू जाते. झाकणात दुसरी एक लहान झडप असते. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते तेव्हा ती उघडून टाकीतले कूलंट परत आत घेते. माझ्या गाडीत हीच झडप चिकटली होती. बाहेर गेलेले कूलंट परत येत नव्हते, टाकी भरलेली दिसत होती आणि रेडिएटर मात्र दर फेरीला थोडा रिकामा होत होता.

झाकण आणि गळती, दोन्ही एकाच साधनाने तपासता येतात. गेज लावलेला हातपंप थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे पाहत राहायचे. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे: होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा सांधा, वॉटर पंपाखालचे लहानसे छिद्र, केबिनमधल्या हीटरखालचा ओला गालिचा. बाहेर कुठेही थेंब नाही आणि तरीही काटा उतरतो, तेव्हा पाणी आत, सिलिंडरकडे जात असावे. जोडणी बदलून झाकणही याच पंपावर तपासता येते. गाडीखाली पाणी दिसले म्हणजे रेडिएटर गेला, असेही लोक मानतात. आपल्या दमट हवेत एसी चालवल्यावर ठिबकणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी बहुतेक वेळा एसीचेच असते. कूलंट बोटाला बुळबुळीत लागते आणि त्याला रंग असतो. चव मात्र घेऊन पाहू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते, म्हणून सांडलेले कूलंट गल्लीतल्या कुत्र्यांसाठी तसेच सोडू नये.

कूलंट थंड देशांसाठी असते, या म्हणण्यातले अर्धे सत्य मान्य करतो. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, या गुणाचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. इतकेच काय, शुद्ध पाणी या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेते. मग कूलंट कशाला? त्यातल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरे, आणि चालक बाटलीतले पाणी ओतून दिवस काढत असे. फिरणाऱ्या संदेशातले शहाणपण त्या काळचे दिसते. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आजच्या गाडीचा रेडिएटर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा, हेडही अ‍ॅल्युमिनियमचे. नुसते पाणी ते आतून खायला लागते. त्यात भातसा-तानसाचे नळाचे पाणी एकवेळ बरे, पण ज्या सोसायट्यांत टँकर येतो तिथले बोअरवेलचे जड पाणी बादलीवर जो पांढरा थर सोडते, तोच थर ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सोडते. कूलंट पातळ करायचे तर डिस्टिल्ड पाण्यानेच करावे, आणि रंग जुळला म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. रंग हे कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दिलेले असतात. अडचणीच्या वेळी गाव गाठण्यापुरते साधे पाणी चालते, यावर माझा वाद नाही.

काट्यावरच्या विश्वासाबद्दल थोडक्यात. अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दामच एका मोठ्या पट्ट्यात मध्यावर धरून ठेवलेला असतो, म्हणजे चालकाने उगाच घाबरू नये. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शिवाय सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट निघून गेले आणि सेन्सर वाफेत उघडा पडला तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून मोबाइलवर तापमानाचा खरा आकडा पाहता येतो. त्यावर पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला तर इंजिन अपेक्षेइतके तापत नाही, म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. पी०२१७ म्हणजे इंजिन अति तापले. दुरून तापमान मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटरही कामाचे, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ते खूप कमी आकडा दाखवते. काळ्या रबरी होजवर धरावे.

पंखा फिरतो म्हणून तो ठीक, हेही तितकेच अपुरे. अनेक गाड्यांत त्याला दोन वेग असतात आणि त्यांतला एकच बंद पडलेला असू शकतो. दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्या तर तो ऐटीत उलटा फिरतो आणि हवा ओढण्याऐवजी ढकलतो. वर्तमानपत्राचा कागद समोरच्या जाळीवर धरला आणि तो चिकटला नाही तर हे ध्यानात येते. एसी लावल्याबरोबर पंखा सुरू झाला पाहिजे. तो एसीवर फिरतो, पण एसी बंद असताना शंभरी गाठूनही फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सर, रिले किंवा तारांत आहे. शेवटी टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत डोकवावे. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीच्या त्या फटीत पानांचा, धुळीचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा लगदा साचलेला असतो. हे सारे करताना हात पात्यांपासून दूर ठेवावा, कारण इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो.

गरम इंजिनाचे झाकण उघडण्याचा सल्ला देणाऱ्याने वाफ न काढता कुकर उघडून पाहावा. दाब सुटताच १२० अंशांचे पाणी त्या क्षणी उकळून वर उसळते आणि चेहरा, मान, हात भाजतात. गार पाणी ओतले तर तापलेल्या हेडला तडा जाण्याचा धोका वेगळाच. काटा चढू लागला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण लावावा (तोही एक छोटा रेडिएटरच आहे), गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि वरचा होज मुठीत धरवेल इतका गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतरही जाड फडके धरून झाकण आधी थोडेच सैल करावे.

राहिला ऑइलच्या झाकणाखालचा फेस. हेड गॅस्केट फुटून ऑइलमध्ये पाणी मिसळले तर असा फेस दिसतो, हे खरे. पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या निर्दोष गाडीतही तो दिसतो, कारण इंजिनात साचलेल्या बाष्पाला उडून जायला पुरेशी उष्णताच मिळत नाही. तेवढ्यावरून हेड उघडायला लावणे म्हणजे सर्दीवर शस्त्रक्रिया. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधाळ आहे का ते पाहावे. मग कूलंटमध्ये सिलिंडरचा वायू येतो का, याची रासायनिक चाचणी करून घ्यावी: रेडिएटरच्या तोंडावर निळा द्रव भरलेली नळी धरतात, इंजिन चालू असताना रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात, आणि कार्बन डायऑक्साइड असला तर निळा रंग पिवळट होतो. द्रव निळाच राहिला, दाबचाचणीत काटाही स्थिर राहिला, तर झाकणाखालचा फेस पुसून टाकावा, एखाद्या रविवारी गाडी तासभर महामार्गावर न्यावी आणि परतल्यावर झाकण पुन्हा उघडून पाहावे.