‘पिशवीबरोबर अंडाशयंही काढा’ म्हणे!

‘मुलं झाली की अंडाशयांचं काम संपलं. पिशवी काढताना तीही काढून टाका, कॅन्सरची भीतीच नको. परदेशात दीडशे वर्षं हेच चालतंय, अँजेलिना जोलीनंही केलं.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून पुढे ढकलला जातोय.

दीडशे वर्षांचं आधी बघू. 1872 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात रॉबर्ट बॅटी या सर्जननं बाईची धडधाकट अंडाशयं काढली. त्याच वर्षी जर्मनीत हेगार या डॉक्टरनंही. कॅन्सर टाळायला नव्हे! पाळीच्या वेदना, फिट्स, हिस्टेरिया, ‘वेडेपणा’, बाईचं काहीही बिनसलं की खापर अंडाशयांवर. कित्येकजणी जंतुसंसर्गानं गेल्या. विसावं शतक उजाडेपर्यंत डॉक्टरांमध्येच या शस्त्रक्रियेची पत गेली होती. दाखला द्यायचाच तर हा ‘का करू नये’ याचा आहे.

‘काम संपलं’ हे साफ खोटं. पाळी जाईपर्यंत अंडाशयांतलं इस्ट्रोजेन हाडं आणि रक्तवाहिन्या सांभाळत असतं. अमेरिकेत पिशवी काढलेल्या 29,380 नर्सेसचा 24 वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2009 मध्ये आले. अंडाशयंही काढलेल्यांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर कमी दिसला, हे मान्य. पण हृदयविकार वाढलेला, आणि एकूण मृत्यूचा धोका सुमारे 12 टक्क्यांनी जास्त. (मुलं झाल्यावर पुरुषांचं काही काढायला सांगणारा मेसेज अजून पाहण्यात नाही.)

आपल्याकडे तर पिशवीच किती सहज निघते! 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. अशा ठिकाणी ‘तीही काढून टाका’ म्हणजे कोवळ्या वयात पाळी जाण्याचे सगळे त्रास.

हॉलिवूडची नटी जोली हिचं प्रकरण वेगळं. तिच्यात बीआरसीए-1 जनुकात दोष होता. आई, आजी, मावशी कॅन्सरनं गेलेल्या. या दोषात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका 40 टक्क्यांच्या आसपास जातो, एरवी तो एक-सव्वा टक्का. 2015 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी तिनं अंडाशयं आणि बीजनलिका (अंडाशयांपासून पिशवीकडे जाणाऱ्या नळ्या) काढल्या. पण जनुकदोष सापडला म्हणून लगेच ऑपरेशनच करायला हवं असं नाही, हेही तिनंच लिहिलं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘भीतीच नको’ हेही खरं नाही. अंडाशयं काढल्यावरही पोटाच्या आतल्या अस्तराला कॅन्सर होऊ शकतो. शिवाय ‘अंडाशयाचे’ म्हटले जाणारे बरेच कॅन्सर बीजनलिकेत सुरू होतात, असं आता दिसून आलंय. म्हणून घरात असा आजार नसलेल्या, पाळी चालू असलेल्या बाईची पिशवी काढावीच लागली, तर तिच्यासोबत फक्त नलिका काढून अंडाशयं ठेवण्याकडे कल वाढतोय. संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना हे जरूर विचारा.