नाकाच्या सर्जरीला येतं कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'नाकाच्या कॉस्मेटिक सर्जरीला आता पुरुष आणि मध्यमवर्गीयही येतात असं लिहून तुम्ही पैसेवाल्या मुलींच्या चोचल्यांना प्रतिष्ठा देता. ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे,' असं तुम्ही म्हणता. मला हे पटत नाही.

आधी पुरुषांचं. १८९८ मध्ये बर्लिनचे सर्जन जाक योसेफ यांनी ज्या रुग्णाचं मोठं नाक लहान केलं, तो २८ वर्षांचा पुरुष होता. जाईल तिथे लोक टक लावून बघतात, म्हणून त्याला चारचौघांत जाणं नकोसं झालं होतं. आणि पाश्चात्त्य म्हणाल तर इराणच्या तेहरानमध्ये तरुण मुलंमुली सर्जरीनंतरची नाकावरची पट्टी न लपवता रस्त्याने फिरतात.

माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त बदल दिसतो तो वयात आणि कारणांत. पूर्वी बहुतेक लग्नाळू मुली, सोबत आई, आणि बोलायची आईच. आता चाळिशी ओलांडलेल्या बायका स्वतःच्या पगारातून पैसे साठवून एकट्या येतात. लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागून नाक वाकडं झालेले मुलगे येतात. नाकाचा पडदाही सरकलेला असतो, एका नाकपुडीने श्वास येत नाही. तक्रार श्वासाची सांगतात, आणि उठता उठता हळूच विचारतात, 'मॅडम, बाहेरूनही सरळ दिसेल ना?' यातली गरज कुठली आणि हौस कुठली, हे तुम्ही कसं वेगळं काढणार? मला तरी ते जमत नाही, आणि त्या मुलाला चोचले करणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमचा राग मोबाइलवर असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. सेल्फी घेऊन येणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडलं, की १२ इंचांवरून नाक ५ फुटांवरच्या मानाने जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून मी सोबतच्या माणसाला पाच फुटांवर उभं करून फोटो काढायला लावते आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवते. काही जण तिथेच हसतात आणि घरी जातात. ज्यांना त्यानंतरही दिवसभर फक्त नाकच दिसतं, त्यांना मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. तिथे सुरी चालवणं चूक आहे.

आता नाकाची सर्जरी हवी म्हणणाऱ्या तुमच्या पंधरा वर्षांच्या भाचीबद्दल: तिला रागावू नका, पण घाईही करू नका. चेहऱ्याची वाढ पूर्ण व्हायला हवी. मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी होते, मुलांमध्ये थोडी उशिरा. सर्जरीनंतर नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं, त्यामुळे बारावीच्या तोंडावर तर हा विषय नकोच. आणि डॉक्टरांकडे न्याल तेव्हा तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलायला सांगा. तुमच्यासमोर ती खरं कारण सांगेलच असं नाही.