ठेंगणा बचावपटू प्लेऑफमध्ये चिरडला जातो, हे कितपत खरं?

‘सहा फुटांखालचा बचावपटू घेऊच नका, प्लेऑफमध्ये तो चिरडला जातो,’ असं एनएचएलबद्दल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगबद्दल, सर्रास सांगितलं जातं. कारणंही ठरलेली असतात.

‘बोर्डालगतच्या (मैदानाभोवतीच्या भिंतीलगतच्या) झटापटीत तो हरतो.’ झटापट झाली तर हरतो, पण चांगला ठेंगणा बचावपटू ती होऊच देत नाही. कोपऱ्यातल्या पककडे (रबरी चकतीकडे) जाताना तो दोनदा खांद्यावरून मागे बघतो: वळताना एकदा आणि पकला स्टिक लागण्याआधी पुन्हा. फोरचेकर (पक हिसकावायला अंगावर येणारा प्रतिस्पर्धी) कुठून येतोय हे कळलं की एका बाजूची हूल देऊन तो उलट वळतो किंवा नेटच्या मागून निघतो, म्हणजे नेटच फोरचेकरच्या आड येतं. पहिल्या स्पर्शातच पक जोडीदाराकडे किंवा सेंटरकडे जातो. घात होतो तो बोर्डापासून तीन-चार फुटांवर पाठ करून थांबल्यावर. धडक बसली की शरीर थेट बोर्डावर आपटतं, आणि हे सहा फूट चार इंचांच्या खेळाडूलाही चुकत नाही. बोर्डाला खेटून धडक घेतली तर अंग घसरत निघून जातं.

‘नेटसमोरून तो कुणाला हलवू शकत नाही.’ चारही आक्षेपांत हा सर्वांत वजनदार. १०० किलोचा आघाडीपटू क्रीजच्या (गोलरक्षकासमोर आखलेल्या जागेच्या) कडेला ठाण मांडून उभा राहिला तर ८० किलोचा बचावपटू त्याला ढकलू शकत नाही. पण २०२१-२२ च्या मोसमापासून क्रॉस-चेकिंगवर (दोन्ही हातांत आडव्या धरलेल्या स्टिकने ढकलण्यावर) पंच अधिक कडक झालेत, त्यामुळे धिप्पाड बचावपटूही मोकळेपणाने ढकलू शकत नाही. शॉट सुटण्याआधी आतली बाजू धरायची आणि शॉट येताच समोरच्याची स्टिक उचलायची, हेच दोघांचं काम. ५ फूट ९ इंचांचा जॅरेड स्पर्जन मिनेसोटा वाइल्डचा कर्णधार झाला, तो अशाच नेमक्या बचावाच्या बळावर. तरीही पेनल्टी किलला (शिक्षेमुळे आपला खेळाडू बाहेर असताना) पहिली जोडी उंच असलेली बरी, एवढं तथ्य या आक्षेपात आहे.

‘पोहोच कमी पडते.’ पडतेच. ती अंतर कमी ठेवून भरून काढावी लागते: ब्लू लाइनवर (आपला बचावाचा भाग जिथे सुरू होतो त्या रेषेवर) समोरच्यापासून एका स्टिकच्या आत. त्यासाठी उलटं स्केटिंग वेगवान हवं. ते नसेल तर असा खेळाडू खरंच नको.

‘वेगास बघा.’ २०२३ चा स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकताना वेगास गोल्डन नाइट्सचे सहाही प्रमुख बचावपटू सहा फुटांवरचे होते, हे बरोबर. आदल्याच वर्षी कोलोराडो ॲव्हलांशने चषक जिंकला तेव्हा प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक ५ फूट ११ इंचांच्या केल मकारला मिळाला होता. मकारला ठेंगणा म्हणणं ताणल्यासारखं वाटत असेल, तर ५ फूट १० इंचांचा ब्रायन राफाल्स्की घ्या. ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) त्याला कुणीच निवडलं नव्हतं. २००० आणि २००३ मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सकडून, २००८ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जकडून त्याने चषक जिंकला. पहिले दोन तर अडवाअडवी खपवून घेतली जायची त्या काळातले.

खरा प्रश्न सहा बचावपटूंच्या तीन जोड्यांच्या मांडणीचा आहे. दोन ठेंगणे एका जोडीत नकोत, कारण पक आपल्याच झोनमध्ये अडकला की नेटसमोर उंच माणूसच उरत नाही. शिवाय अशा खेळाडूची बरीचशी किंमत पॉवर प्लेवर (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) वसूल होते. ५ फूट ९ इंचांच्या लेन हटसनने २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून ६० असिस्ट (गोलसाठीचे पास) देत सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळवला, त्यात पॉवर प्लेवरच्या मिनिटांचा वाटा मोठा होता. ती जागा आधीच भरलेली असेल आणि पेनल्टी किललाही त्याला पाठवता येत नसेल, तर तिसऱ्या जोडीसाठी उंच बचावपटू घेणंच योग्य.