दोन फिकट फायली

सोसायटीच्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब, म्हणून मला जेवणावरून उठवलं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आला की पेनड्राइव्ह प्रसाद घेऊनच येतो. व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट मांडून ठेवतो. लपवतानाही नुसतं 'हिडन' करत नाही, वर 'सिस्टिम'चा शिक्काही मारतो. त्यामुळे फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स चालू करून भागत नाही. त्याखालची 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिकही काढावी लागते. विंडोज दटावतं, पण काढू देतं.

फोल्डर फिकट रंगात अवतरले. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ते शिक्के पुसणारी 'अ‍ॅट्रिब' कमांड मारून मी ते कायमचे उघडे केले. सगळा हिशोब सुखरूप. पण खजिनदारकाकांची नजर डेस्कटॉपवर.

"हे काय आलं? डेस्कटॉप डॉट आयएनआय. तेही दोन?"

"काका, त्या विंडोजच्याच सेटिंगच्या फायली, आधीपासूनच आहेत. एक तुमच्या खात्याची, एक सगळ्यांची सामायिक."

"मी रोज हा कॉम्प्युटर उघडतो. मला नाही दिसल्या त्या?"

"लपवलेल्या होत्या."

"कोणी?"

"विंडोजनं."

"आणि तुला बऱ्या सापडल्या!"

मग वॉचमनला साक्षीला बोलावलं. काल हे होतं का रे? "नाय साहेब," तो स्क्रीनकडे न बघताच म्हणाला.

खरं तर लपवाछपवीचा राग मलाही आहे. फायलीचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज आपणहून झाकून ठेवतं. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला, तेव्हा प्रेमपत्राच्या नावापुढचं 'व्हीबीएस', म्हणजे प्रोग्रॅमची खूण, असंच झाकलेलं होतं. लोकांना दिसलं फक्त 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, आणि त्यांनी बिनधास्त उघडलं. एवढं होऊनही शेपूट झाकायची टिक आजही आधीपासून लावलेलीच येते. आमच्या भल्यासाठी म्हणे! आपल्याच कॉम्प्युटरवर आपण पाहुणे, आणि स्वयंपाकघरात जायला बंदी.

हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही टिका पूर्ववत केल्या. त्या दोन फायली दिसेनाशा झाल्या.

"गेल्या ना?" काका खुर्चीत मागे रेलले. "मग मघाशी कशाला म्हणालास, आधीपासून आहेत म्हणून?"

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सूचना आली: बाहेरील व्यक्तींनी ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात लावू नये. बाहेरील! तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. मेंटेनन्स भरतो.